पन्हळीत काय राहिलं ते नको, काय सांडलं ते मोजा: सोनं धुण्याच्या छंदात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या बहिणीचा मुलगा नोकरीसाठी न्यूझीलंडला गेला. तिकडे सरकारने काही नद्यांचे ठरावीक पट्टे हौशी लोकांना सोनं धुवायला मोकळे ठेवले आहेत. ॲरोटाउन गावाजवळची ॲरो नदी त्यातलीच. हातानं चालणारी अवजारं वापरायची, मोटार लावायची नाही, एवढी अट. दुसऱ्याच महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, इथं दुकानात सात-आठ जातीच्या पन्हळी लावून ठेवल्यात. सगळेच म्हणतात आमचीच भारी. कुठली घेऊ सांगा की." पन्हळ म्हणजे वाळू पाण्यानं धुऊन तिच्यातलं सोनं अडवणारी लांब पेटी.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला पत्र्याचं आणि फिटिंगचं काम करतो. पत्रा कसा वाकवायचा ते मला कळतं, सोनं कसं धुवायचं ते तेव्हा कळत नव्हतं. त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी शेडच्या मागच्या अंगणात एकेक पन्हळ बनवत गेलो, काही विकतही आणल्या, आणि सगळ्यांना एकाच वाळूवर, एकाच पाण्यावर पळवून पाहिलं. त्यातून जे हाती आलं ते इथे क्रमानं मांडतो. तुम्ही सोलापुरात असा नाहीतर सातासमुद्रापार, परीक्षा घेण्याची रीत तीच आहे.

सगळ्यात आधी मुद्द्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. विकणारा तुम्हाला पन्हळीत काय अडकलं ते दाखवतो. पिवळी रेघ दिसते, आपण खूश होतो. पण पन्हळीतून काय निसटून गेलं ते कुणी दाखवत नाही. दहा कण सापडले हे चांगलं की वाईट, ते किती कण होते हे कळल्याशिवाय सांगता येत नाही.

पायरी १: कुठे धुणार, ते आधी ठरवा

भीमेत किंवा सीनेत पन्हळ घेऊन उतरू नका. एक तर तिथे सोनं नाही. भीमा भीमाशंकरला उगवते आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर सगळा प्रवास काळ्या पाषाणातून, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टमधून करते. सीनेचंही तेच. ज्या खडकात सोन्याच्या शिरा असतात ते धारवाडी खडक आपल्या दक्षिणेला कर्नाटकात आहेत. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण त्यातलीच, आणि कोलारची खाण २००१ साली बंद झाली ती त्याच कुळातली. गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगराच्या ओढ्यांत पूर्वी जलगार लोक पावसाळ्यानंतर सोनं धूत असत. होटगीहून गदगला रेल्वे जाते, पण म्हणून तिकडे जाऊनही खोरं मारू नका, कारण दुसरी गोष्ट कायद्याची.

आपल्या देशात खनिजाचा शोध आणि उत्खनन खाण व खनिज (विकास व नियमन) अधिनियम, १९५७ खाली येतं. सोनं मोठ्या खनिजांत मोडतं. साधी नदीची वाळू उचलायलासुद्धा महसूल खात्याची परवानगी लागते. छंद म्हणून केलं, थोडंच केलं, असं म्हणून सुटका होत नाही.

मग इथे करायचं काय? शिकायचं. बांधकामाला रीतसर आणलेल्या वाळूतली दोन घमेली पुरतात. तीत सोनं आपण घालायचं, आपणच धुवायचं आणि किती परत आलं ते मोजायचं. खऱ्या नदीवर हे कधीच करता येत नाही, कारण वाळूत मुळात किती होतं हे तिथे कुणालाच माहीत नसतं. म्हणून मी तर म्हणेन, पन्हळीची परीक्षा घ्यायला सोन्याच्या नदीपेक्षा सोलापूरचं अंगण बरं.

पायरी २: एक गुंज सोनं आणा

ओळखीच्या सोनाराकडे जा. अर्धा मिलिमीटर जाडीची २२ कॅरेटची तार घ्या आणि तिचे अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचे ५० तुकडे करून मागा. हिशोब असा: २२ कॅरेटच्या एका घन मिलिमीटरचं वजन साधारण १७.७ मिलिग्रॅम भरतं, म्हणजे असा एक तुकडा पावणेदोन मिलिग्रॅमचा होतो. पन्नास मिळून ८५ ते ९० मिलिग्रॅम. एक गुंज म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम, तेव्हा एका गुंजेच्या आतच काम होतं. सोनं कुठे जात नाही, धुऊन परत आपल्याकडेच येतं.

त्यातले २५ तुकडे तसेच गोल ठेवा. उरलेले २५ ऐरणीवर हलक्या हातोडीनं चपटे करून घ्या. हे चुकवू नका. नदीतलं सोनं बहुतेकदा पापुद्र्यासारखं असतं, आणि चपटा कण पाण्यात पानासारखा तरंगत, हेलकावे खात खाली येतो. ज्या पन्हळीनं २५ पैकी २५ गोल कण धरले, तीच चपट्यांच्या वेळी हात टेकते. ते तुम्हाला दिसलं पाहिजे.

सोन्याऐवजी शिशाच्या गोळ्या वापरा असं बरेच जण सांगतात. शिशाची घनता ११.३, शुद्ध सोन्याची १९.३. दोन्ही एकसारखे वागत नाहीत, वर शिसं विषारी. लहान मुलं खेळतात त्या अंगणात शिसं सांडू नये. पितळेचा कीस तर अजिबात नको, तो निम्म्याहून हलका असतो.

आपल्या भागात ही विद्या कुणाकडे असेल तर झारेकऱ्यांकडे. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, गटाराच्या तोंडाचा गाळ असं घेऊन ते धुतात आणि त्यातलं सोनं वेगळं काढतात. तार कापायला गेलो तेव्हा सोनाराच्या ओट्यावर एक वयस्क झारेकरी काका बसले होते. मी कशासाठी आलो ते ऐकून म्हणाले, "घमेल्यात राहिलेलं एकदा बघ. वाहून गेलेलं तीनदा बघ." माझी सगळी परीक्षा या दोन वाक्यांवर उभी आहे. त्यांचं काम मात्र घरी करायला जाऊ नका. केर जाळणं, पारा, तेजाब ही माहितगारांचीसुद्धा फुप्फुसं खाणारी कामं आहेत. पारा या छंदात कुठल्याही टप्प्यावर लागत नाही.

पायरी ३: आधी परातीवर हात बसवा

पन्हळ कुठलीही घ्या, शेवटचा निवाडा परातीतच होतो. काळी किंवा गडद हिरवी प्लॅस्टिकची परात सगळ्यात बरी, तिच्यावर पिवळं उठून दिसतं. घरातली स्टीलची परात चालते, पण तिला तेलाचा हात लागलेला नको. भांडी घासायच्या साबणानं दोनदा धुवा. तेलकट पृष्ठभागावर बारीक सोनं पाण्याच्या पापुद्र्यावर चक्क तरंगतं आणि काठावरून निघून जातं. पाण्यातही साबणाचा एखादा थेंब टाका, त्यानं हा तवंगाचा प्रश्न मिटतो.

मूठभर वाळूत पाच तुकडे टाका. परात पाण्याखाली धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, म्हणजे जड ते तळाला बसेल. मग पुढचा काठ थोडा खाली करून वरची वाळू पाण्याबरोबर सोडा. पुन्हा हलवा, पुन्हा सोडा. शेवटी चमचाभर काळी वाळू उरेल. तिला परातीच्या कडेनं हळूच फिरवलं की काळी वाळू पुढे सरकते आणि सोनं मागे बसून राहतं. सोनं ओळखायची खूण अशी: गारेचा, म्हणजे गारगोटीचा, कण उन्हात चमकतो आणि परात फिरवली की विझतो. सोनं चमकत नाही. सावलीतही ते तसंच पिवळं दिसतं.

पाचपैकी पाच सलग दहा वेळा परत येईपर्यंत पन्हळीला हात लावू नका. परातीतच कण सांडत असेल तर पुढच्या परीक्षेत दोष पन्हळीचा की हाताचा, हे कधी कळणार नाही. मला यात तीन रविवार गेले.

पायरी ४: पाणी मोजा

सोलापुरात नळाचं पाणी जपूनच वापरावं लागतं. उजनी भरली तरी आपल्या टाकीत काटकसरच. त्यामुळे पाणी फिरवून फिरवून वापरायचं. दोन मोठे टब घ्या. पन्हळीतून निघालेलं पाणी आणि वाळू पहिल्या टबात पडेल, त्याच्या वरच्या काठावरचं निवळ पाणी दुसऱ्यात जाईल, आणि पंप दुसऱ्यात बसेल. पंप वाळूच्या टबात ठेवला तर दोन दिवसांत त्याचा पंखा झिजतो. पाणी चहासारखं गढूळ झालं की थांबा. गढूळ पाण्यात बारीक कण खाली बसायला वेळ लावतात. तुरटीचा खडा चार वेळा फिरवून रात्रभर ठेवलं की सकाळी पाणी पुन्हा कामाचं.

पंप १२ व्होल्टचा घ्या, बॅटरीवर चालणारा. घरच्या विजेवरची कूलरची मोटर स्वस्त पडते म्हणून बरेच जण तीच टाकतात. आपण टबात कोपरापर्यंत हात घालून बसणार आहोत. २३० व्होल्टची मोटर आणि ओला हात एका टबात नको.

आता पाणी किती लागतं? चार इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्यांच्या पन्हळीला ताशी ४,००० लिटरच्या आसपास धार लागते. पंपाच्या खोक्यावरचा आकडा धरू नका, तो पाणी वर न चढवता मोजलेला असतो. नळी पन्हळीच्या तोंडाशी आहे तिथेच १५ लिटरची बादली लावा आणि सेकंद मोजा. तेरा-चौदा सेकंदांत भरली तर ताशी चार हजार. पंचावन्न सेकंद लागले तर हजारच. त्यात पट्ट्यांची पन्हळ चालणार नाही, वाळू जागेवर बसून राहील.

पायरी ५: पन्हळींच्या जाती ओळखा

पन्हळ म्हणजे दोन्ही टोकांना उघडी अशी एक लांब पेटी. वरून पाणी आणि वाळू सोडायची, तळाला काहीतरी अडथळा असतो, त्याच्या मागे जड कण बसतात, हलके पुढे जातात. सगळा फरक त्या अडथळ्यात आहे.

जुनी, भरवशाची जात म्हणजे आडव्या पट्ट्यांची, जिला तिकडे हंगेरियन रिफल म्हणतात. चारेक सूत उंचीच्या पट्ट्या, वरची कड पुढे, पाणी जातं त्या बाजूला वाकवलेली. पाणी पट्टीवरून उडी मारतं आणि तिच्या मागे गोल गिरकी घेतं. त्या गिरकीत वाळू सतत उकळल्यासारखी हलत असते. हलकं वर उचलून बाहेर फेकलं जातं, जड आत शिरतं. जवळ बसून ही गिरकी बघा, दहा मिनिटं नुसती बघा. पट्टीमागची वाळू नाचत असेल तर पन्हळ जिवंत आहे. वाळू घट्ट बसून सिमेंटसारखी झाली असेल तर पाणी किंवा उतार कमी. पट्टीमागे तळ उघडा पडला असेल तर जास्त. ही जात जाड सोन्याला, खड्यांच्या ओढ्याला उत्तम. बारीक सोन्यात मार खाते.

दुसरी जात जाळीपत्र्याची. ग्रिलवाल्याकडे पत्त्यातल्या चौकटच्या आकाराच्या भोकांची ताणलेली लोखंडी जाळी मिळते, तीच. तिच्या खाली केसाळ चटई. गिरक्या लहान लहान पडतात, म्हणून बारीक कण चांगले धरते, पण काळ्या वाळूनं लवकर भरते. जाळीला दिशा असते, आणि इथेच मी फसलो होतो. पहिली पन्हळ मी ऑनलाइन मागवली, छान रंगाची, हलकी. पहिल्याच परीक्षेत निम्म्याहून जास्त कण सांडले. मी पाणी कमी केलं, उतार बदलला, फरक नाही. चौथ्या दिवशी जाळीवरून सहज बोट फिरवलं तेव्हा कळलं की बनवणाऱ्यानं ती उलटी बसवली होती. बोट पाण्याच्या दिशेनं फिरवलं तर गुळगुळीत जायला हवं, उलट्या दिशेनं अडकायला हवं. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. जाळी काढून फिरवून बसवली आणि तीच पन्हळ सुधारली. कुठलीही जाळीची पन्हळ घरी आली की पहिलं काम हे.

तिसरी, खाचांची. पाटीला वर पट्ट्या नसतातच, उलट तळातच आडव्या खाचा कोरलेल्या असतात. खाली चटई नाही, सुटे भाग नाहीत. काम झालं की पाटी बादलीत उलटी करायची, संपलं. झाकपाक सगळं अर्ध्या मिनिटात. एचडीपीईच्या, म्हणजे टणक प्लॅस्टिकच्या, जाड पत्र्यात फर्निचरवाल्याच्या राउटरनं खाचा कोरून मिळतात, मी तशाच करून घेतल्या. अट एकच: वाळू आधी नीट चाळलेली हवी. मोठा खडा आला की खाचेत अडकून गिरकी मोडतो. रबराच्या साच्यातल्या भोवऱ्याच्या चटया मिळतात त्याही याच विचारातून आलेल्या. त्या चांगल्या आहेत, पण बाहेरून मागवाव्या लागतात आणि महाग पडतात.

चौथी, पाळणा. पेटीच्या खाली पाळण्यासारखे वाकडे पाय, एका हातानं डोलवायचं, दुसऱ्या हातानं ओगराळ्यानं पाणी ओतायचं. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा हे यंत्र घरोघरी होतं. आपल्यासारख्या दुष्काळी मुलखाला हे मनापासून आवडावं असं आहे, कारण पंप लागत नाही आणि एका बादलीत बरंच काम होतं. वेळ मात्र खातं.

पंपावर चालणारी, वर वाळू ओतायचा डबा (हॉपर) असलेली मोठी यंत्रं आहेत, ती नवख्यानं सोडून द्यावीत. आणि जिथे मोटार लावायला मनाई आहे तिथे ती चालणारच नाहीत.

चटईबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे आपल्या गावाकडे द्यायला काही आहे. काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया देशात स्वानेती भागातले लोक मेंढीचं कातडं ओढ्यात पसरून लोकरीत सोनं पकडत. पुढे खाणींतही घोंगड्या आणि खरखरीत कापड पसरलेल्या पन्हळी वापरल्या गेल्या. मग मी सांगोल्याकडची जुनी घोंगडी आणि आपला सोलापुरी टर्किश टॉवेल, दोन्ही जाळीखाली घालून बघितले. टॉवेलाचे फंदे बारीक सोनं छान धरतात, मला अपेक्षा नव्हती इतके. पण नवा टॉवेल पाणी पीत नाही, दोन-तीनदा धुऊनच वापरा. शिवाय तो भिजून फुगतो आणि जाळीच्या खालून वर येतो, म्हणून कडेनं पट्टी ठोकावी लागते. घोंगडीही कण धरते, पण सोडत नाही. धुताना बादलीत पाच-सहा वेळा आपटावी लागते, तरी एखादा कण लोकरीत राहतोच. सोडत नाही ती चटई परीक्षेला चालत नाही. नदीवर एकदाच वापरायची असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ६: चाळा, नाहीतर बाकी सगळं वाया

हे समजून घ्या, मग चाळायचा कंटाळा येणार नाही. पाण्यात कण किती वेगानं खाली बसतो हे त्याच्या वजनावर आणि आकारावर, दोन्हींवर ठरतं. पाण्याच्या तुलनेत सोनं गारेच्या वाळूपेक्षा सुमारे अकरा पट जास्त जड पडतं. तरी बारीक कणांत ०.१ मिलिमीटरचं सोनं आणि ०.३ मिलिमीटरची साधी वाळू जवळपास एकाच वेगानं बसतात. म्हणजे वाळूचा कण तिप्पट मोठा असला की पन्हळीला दोघांतला फरक कळेनासा होतो. आपल्या भीमेच्या वाळूत चुंबकाला चिकटणारी काळी वाळू भरपूर, तिची घनता पाचच्या वर, तिथे दुप्पट आकारातच गोंधळ होतो. म्हणून एका वेळी एकाच मापाची वाळू सोडायची.

जाळीच्या दुकानात नंबरानं चाळण मिळते. नंबर म्हणजे इंचात किती भोकं. ८ नंबर (सुमारे अडीच मिलिमीटरचं भोक), २० नंबर आणि ५० नंबर, या तीन घ्या. तुमची परीक्षा ८ नंबरमधून खाली आलेल्या वाळूवर करा. चिकणमातीची गोळी दिसली तर हातानं पाण्यात पूर्ण फोडा. न फुटलेली गोळी पन्हळीवरून घरंगळत जाते आणि वाटेतला कण चिकटवून नेते.

काळी वाळू काढायला जुन्या स्पीकरचं चुंबक पातळ पिशवीत गुंडाळून फिरवा. कोरड्या वाळूत फिरवू नका, केसाळ गुच्छात सोन्याचा कण अडकून जातो. ताटलीत पाणी घालून, चुंबक वरच्या वर फिरवा, गुच्छ दुसऱ्या ताटलीत सोडा, पुन्हा एकदा फिरवा.

पायरी ७: परीक्षा

उतार लावा. सुरुवात फुटाला एक इंच. तीन फुटांची पन्हळ असेल तर वरचं टोक तीन इंच उंच. आडवी पाणसळ ठेवून डावी-उजवी बाजू सपाट करा. हे फार जण विसरतात, मग सगळं पाणी एका कडेनं पळतं. खाचांच्या पन्हळीला उतार थोडा कमी करून बघा.

आधी सोनं न घालता दोन लिटर वाळू सोडा. पट्ट्यांमागे वाळू नाचेपर्यंत उतार नि पाणी जुळवा. जुळलं की उतार मोजून लिहून ठेवा.

आता दहा लिटर चाळलेली वाळू पाच डब्यांत वाटा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या डब्यात मिळून ५० तुकडे घाला. वाळू भिजवलेली हवी. कोरडी वाळू सोडली तर तिच्यासोबत हवा जाते आणि बारीक कण तरंगतात. एका वेळी छोटं ओगराळंभर सोडा. पहिल्या फूटभरातली वाळू पुढे सरकली की दुसरं. घाईनं ढीग ओतला तर जगातली कुठलीही पन्हळ सांडणार.

पाच डबे झाले की थांबू नका. आणखी पाच लिटर साधी, सोनं नसलेली वाळू सोडा. धरणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं. काही पन्हळी कण झटकन पकडतात, मग मागून येणारी काळी वाळू हळूहळू त्यांना बाहेर ढकलते. नदीवर आपण दोन-दोन तास न थांबता वाळू सोडतो, तिथे हा दोष खरा महागात पडतो.

सांडलेली पंधरा लिटर वाळू परातीत धुवायला अर्धा दिवस जातो. त्यावर उपाय: जिचा भरवसा बसलाय अशी दुसरी पन्हळ पहिलीच्या खाली लावा. पहिलीनं सोडलेलं दुसरी बरंचसं पकडेल, मग तुम्हाला थोडाच माल परातीत बघावा लागेल. तरीही दुसरीतून निघालेली वाळू एकदा नजरेखालून घालाच. काकांचं 'तीनदा बघ' इथे लागू.

वहीत चार आकडे लिहा: पन्हळीत राहिलेले गोल, राहिलेले चपटे, सांडलेले गोल, सांडलेले चपटे. बेरीज ५० यायला हवी. समजा ४७ आली, तर तीन कण चटईत, टबाच्या कोपऱ्यात किंवा चाळणीत आहेत. ते सापडेपर्यंत पुढची परीक्षा घेऊ नका, नाहीतर ते पुढच्या पन्हळीच्या खात्यात जमा होतील आणि तिची फुकट वाहवा होईल. चटई साबणाच्या पाण्याच्या बादलीत तीन वेळा झटका, तिसऱ्या बादलीत काहीच येत नसेल तर ती स्वच्छ.

प्रत्येक पन्हळ निदान तीन वेळा पळवा, आणि क्रम बदलून. पहिल्या दिवशी अ मग ब, दुसऱ्या दिवशी ब मग अ. संध्याकाळी आपला हात थकतो, वाळू जास्त सुटते, आणि शेवटच्या पन्हळीवर उगाच डाग येतो.

अर्ध्या मिलिमीटरवर समाधान झालं की मग सोनाराकडून कानशीचा कीस आणा. तो मोजता येत नाही, मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलावा लागतो, आणि त्यातला कानशीचा लोखंडी चुरा आधी चुंबकानं काढावा लागतो. खरा फरक इथे पडतो. अर्ध्या मिलिमीटरला सगळ्याच बऱ्या पन्हळी पास होतात.

पायरी ८: शेवटचा माल दगडी पाटीवर

पन्हळीतून निघालेल्या वाटीभर काळ्या मालाला पुन्हा पन्हळीत घालू नका. त्याला सपाट पाटी हवी, जिच्यावरून पाण्याचा नुसता पातळ पदर सरकतो. जुन्या काळी शाळेत असायची ती दगडी पाटी यासाठी तयारच आहे: गुळगुळीत, पण काचेसारखी नाही. शहाबादी फरशीचा घासलेला तुकडाही चालतो. इथे कूलरच्या मोटरइतकी, म्हणजे ताशी आठशे-हजार लिटरची धार बास होते. पंप अर्थात १२ व्होल्टचाच. पाणी तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. माल २० आणि ५० नंबरनं तीन भागांत वेगळा करा, प्रत्येक भाग वेगळा सोडा, एका वेळी चिमूटभर. काळी वाळू मुंग्यांच्या रांगेसारखी खाली सरकत जाते आणि सोनं जिथे पडलं तिथेच पाटीला धरून बसतं. बारीक ब्रशनं उचलायचं. हे एकदा डोळ्यांनी बघा, सगळ्या कष्टाचं सोनं होतं.

मग घ्यायची कुठली?

भाच्याला मी खाचांची सांगितली. त्याला मोटार लावता येत नाही, नदीला पाणी भरपूर, सोनं बारीक, आणि रविवारी संध्याकाळी पाय गारठलेले असताना चटया झटकत बसायला कुणाला आवडतं? सोबत ८ नंबरची चाळण न्यायची. तुमच्या जागी खडे मोठे आणि धार जोरात असेल तर पट्ट्यांची घ्या. पाणीच कमी असेल तर पाळणा. जाळीपत्र्याची शिकायला सगळ्यात स्वस्त, घरी बनवता येते, बिघडली तरी जीव जात नाही, म्हणून सोलापुरात पहिली पन्हळ मी तीच करायला सांगेन.

कुणाला परदेशी पाठवणार असाल तर एक काळजी घ्या. न्यूझीलंडमध्ये गोड्या पाण्यात वापरलेली अवजारं तपासून, धुऊन, पूर्ण वाळवूनच नेता येतात, आणि विमानतळावर तसं सांगावं लागतं. एका नदीतलं शेवाळ दुसरीत जाऊन नद्या नासल्या आहेत, म्हणून तिथे हे फार कडक आहे. चटईच्या केसांत ओल राहते, तिला दोन दिवस गच्चीवर आपल्या उन्हात पसरा.

आणि पन्हळ बांधून ठेवायच्या आधी सोन्याचे तुकडे पांढऱ्या कागदावर ओता. पन्नास भरले की बाटलीत घालून झाकण लावा.